शाळेचा ग्रंथपाल आणि त्याची पदवी

ग्रंथालयशास्त्राची पदवी ही भारतीय विद्यापीठांतील एक चमत्कारिक पदवी आहे. ती मिळवावयाची तर आधी दुसरी एखादी पदवी हाती असावी लागते. मराठी, बंगाली वा तमिळ घेऊन बी. ए. झालेला, किंवा रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेला विद्यार्थी एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला बसतो. आणखी एक वर्ष काढले की तो त्या विषयात पारंगत ठरतो. म्हणजे निदान तीन वर्षे त्याने काहीतरी वाचलेले असते, कशात तरी मन घातलेले असते. परंतु दुसऱ्या पदवीच्या अभ्यासक्रमात या पहिल्या वाचनाची कोणी विचारपूसही करीत नाही. वर्गीकरण, तालिकीकरण, संदर्भसेवा, व्यवस्थापन, माहितीतंत्र या विषयांच्या उत्तरपत्रिकांवर तो उत्तीर्ण होतो आणि एखाद्या माध्यमिक शाळेत रुजू होतो. तेथे पहिल्याच दिवशी सहावीतील मुलगी त्याला विचारते, ‘सर, हे वाचून झालं, आता याच्यासारखं दुसरं कुठलं?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्या कोणत्याही पदवीत नसते.

हा दोष त्या तरुणाचा नव्हे. तो पदवीच्या घडणीत आहे. आणि त्या घडणीची जबाबदारी केवळ ग्रंथालयशास्त्राच्या विभागांवर टाकून भाषा-साहित्याच्या विभागांना मोकळे होता येणार नाही, हे येथे मांडावयाचे आहे.

मुदलियार आयोगाने (१९५२-५३) देशातील माध्यमिक शाळांच्या ग्रंथालयांचे जे वर्णन केले, ते आजही वाचणाऱ्यास अस्वस्थ करते. जुनी, मुलांच्या आवडीनिवडीशी संबंध नसलेली पुस्तके, अपुरी आणि अनाकर्षक खोली, आणि हे सर्व सांभाळावयास एखादा कारकून किंवा उदासीन शिक्षक, ज्याला ना पुस्तकांचे प्रेम ना ग्रंथालयाच्या तंत्राचे ज्ञान. आयोगाने येथे दोन उणिवा नोंदविल्या होत्या हे लक्षात ठेवले पाहिजे. त्यांपैकी दुसरी भरून काढण्यासाठी विद्यापीठांनी गेल्या सत्तर वर्षांत पदव्या उभ्या केल्या. पहिलीविषयी मात्र असे गृहीत धरण्यात आले की ती ज्याची त्याने घरून आणावयाची वस्तू आहे. प्रेम शिकविता येत नाही, हे मान्य. परंतु पुस्तकांची ओळख शिकविता येते, आणि ओळखीवाचून प्रेमाची गोष्ट करणे व्यर्थ होय.

या पदवीचा वंशवृक्ष पाहिला तर असे का घडले ते काहीसे उलगडते. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बडोद्यास आणले आणि पुढच्याच वर्षी तेथे ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. बडोद्याची ही चळवळ मुळात लोकांच्या वाचनाची चळवळ होती. राज्यकर्ते घराणे मराठी, बहुसंख्य प्रजा गुजराती. आणि १९१२ पासून बडोद्याहून निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी विभागही होते. ग्रंथपालाने आपल्या व्यवसायाचा विचार वाचकांच्या भाषांत करावा, ही गोष्ट तेथे निराळी सिद्ध करावी लागत नव्हती. पुढे १९१५ साली लाहोरला डिकिन्सन यांचा वर्ग आला. १९२९ मध्ये मद्रासच्या ग्रंथालय संघाची शाळा निघाली आणि १९३१ मध्ये ती मद्रास विद्यापीठाने आपल्याकडे घेतली. त्यानंतर या विद्येचा संसार विद्यापीठांत थाटला गेला. विद्यापीठात आल्यावर तिला प्रतिष्ठा मिळाली, पीएच.डी. मिळाली, आणि तिची भाषा इंग्रजी झाली. नावही पुढे ‘ग्रंथालय आणि माहितीशास्त्र’ असे लांबले. ग्रंथाकडून माहितीकडे सरकताना मध्ये कोठेतरी मूल मागे राहिले.

रंगनाथनांना याचा दोष देता येणार नाही. किंबहुना त्यांचे उदाहरण उलट दिशेचे आहे. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षी लंडनला शिकावयास गेले. तेथे ज्या बेरविक सेयर्स यांच्याजवळ ते शिकले, ते क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते आणि मुलांच्या ग्रंथालयाविषयी त्यांनी पुस्तक लिहिले होते. द्विबिंदू वर्गीकरणाची कल्पना रंगनाथनांना लंडनच्या एका मोठ्या दुकानात मांडलेल्या मेकॅनो या खेळण्यावरून सुचली, हे तर सर्वश्रुतच आहे. १९३१ च्या त्यांच्या पाच सूत्रांपैकी दुसरे आणि तिसरे, म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ही दोन सूत्रे शाळेच्या ग्रंथपालाची अवघी दिनचर्या सांगून टाकतात. शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवर १९४२ मध्ये त्यांनी स्वतंत्र ग्रंथही लिहिला. परंतु परीक्षेसाठी त्यांच्यामागून जे उरले ते वर्गांक बनविण्याचे कौशल्य. सूत्रे पहिल्या प्रश्नात पाठ करून लिहावयाची आणि उरलेले तीन तास आकडे जुळवावयाचे, अशी विभागणी होऊन बसली. तिसऱ्या सूत्रातील वाचक अकरा वर्षांचा असेल आणि पुस्तक कोंकणीतील असेल, तर त्या दोघांची गाठ कशी घालावयाची, हा प्रश्न प्रात्यक्षिकाच्या कागदावर येत नाही.

आता हे आकडे जुळविणे तुच्छ आहे असे नव्हे. उलट, तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने वर्गीकरणाकडे दुर्लक्ष करावे यासारखी चूक नाही, कारण वर्गीकरण ही साहित्यसमीक्षाच आहे. फक्त ती स्वतःला समीक्षा म्हणवून घेत नाही. ड्यूई यांच्या दशांश पद्धतीत (१८७६) अमेरिकी साहित्याला ८१०, इंग्रजीला ८२०, जर्मनला ८३०, फ्रेंचला ८४० अशी एकेक प्रशस्त खोली दिलेली आहे, आणि जगातील उरलेली बहुतेक साहित्ये ८९० या एका चाळीत राहावयास आहेत. मराठी ८९१.४६, बंगाली ८९१.४४, गुजराती ८९१.४७, तमिळ आणखी आत, ८९४.८११. नागपूरच्या किंवा सोलापूरच्या शाळेत, जेथे दहांतील नऊ पुस्तके मराठी असावयास हवीत, तेथे नऊ पुस्तकांच्या कण्यावर सहा-सहा आकडे चढतात आणि दहाव्यावर तीन. स्थानिक भाषेला अग्रस्थान देण्याचा पर्याय त्याच पद्धतीत ठेवलेला आहे. शाळेत त्याचा उपयोग करावयास किती विद्यार्थ्यांना शिकविले जाते?

भाषांतरांचे तर याहून मौजेचे. नियमाप्रमाणे भाषांतरित कृती मूळ भाषेच्या साहित्यात ठेवावयाची. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले आणि मराठी वाचकांच्या पिढ्यांनी ते घरच्या लेखकासारखे वाचले. परंतु कपाटात ते ८९१.४४ वर, म्हणजे बंगालीत जावयाचे. एकोणिसाव्या शतकापासून भारतीय भाषांचे वाचन कसे परस्परांत गुंतत गेले, हे ज्याला समजावून घ्यावयाचे आहे, त्याच्यासाठी या एका नियमात अख्ख्या परिसंवादाचा विषय दडलेला आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात हा नियम ठीक आहे. संशोधकाला मूळ आणि भाषांतर शेजारी हवेच असते. शाळेत मात्र तो नियम मुलाच्या वाचनाची वाट अडवितो. मूल ‘बंगाली’ अशी पाटी लावलेल्या कपाटाकडे जात नाही. ते गोष्टीकडे जाते. तेव्हा नियम कोठे पाळावा आणि कोठे जाणीवपूर्वक मोडावा, हा निर्णय ग्रंथपालाने घ्यावयाचा असतो, आणि तो घेण्यासाठी त्याला नियमाचे ज्ञान पुरत नाही. भाषांतराचा इतिहास ठाऊक असावा लागतो.

द्विबिंदू पद्धतीत साहित्यिकाची ओळख त्याच्या जन्मवर्षावरून पटवितात. शेक्सपियर १५६४ चा म्हणून ‘जे ६४’. हे उदाहरण पाठ्यपुस्तकातून प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक होते. तुकारामांच्या जन्मशकाविषयी विद्वानांत एकमत नाही, ज्ञानेश्वरांच्याही नाही. ज्या परंपरेत कवीची ओळख त्याच्या मुद्रिकेवरून, त्याच्या नामाच्या छापेवरून पटते, तिला जन्मतारखेच्या दाराने आत घ्यावयाचे म्हटले की अशी अडचण यावयाचीच. आणि नावांचा गोंधळ वेगळाच. खुद्द शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या नावात शियाळी हे गाव आणि रामामृत हे वडिलांचे नाव; आडनाव नाहीच. मराठी मुलगा ‘पु. लं.चं पुस्तक’ मागतो, ‘देशपांडे’ मागत नाही. ‘बालकवी’ मागतो, ठोंबरे हे नाव त्याने ऐकलेलेही नसते. ‘भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची’ १९५८ मध्ये सुरू झाली तेव्हा सर्व भाषांतील नोंदी तिने रोमन लिपीत दिल्या. एका संहितेत सारा देश आणण्यासाठी ते कदाचित अपरिहार्यही असेल. परंतु जेथे पोहोचावयाचे ती दहा वर्षांची मुलगी देवनागरीसुद्धा अडखळत वाचते, हे तिच्या दारात उभ्या असलेल्या ग्रंथपालाला विसरता येत नाही.

म्हणून शाळेच्या ग्रंथपालाला जे ज्ञान हवे, त्याचा मोठा भाग साहित्याच्या विभागांच्या अखत्यारीतील आहे. आणि येथे साहित्याच्या विभागांचा कारभार फारसा अभिमानास्पद नाही. पदव्युत्तर वर्गांत मध्ययुगीन काव्य असते, नवकथा असते, दलित साहित्य असते, सिद्धान्त तर असतातच. बालसाहित्य बहुधा नसते, असले तरी ऐच्छिक विषयाच्या एखाद्या कोपऱ्यात. विंदा करंदीकरांना २००३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. त्यांच्या बालकवितांवर किती वर्गांतून तास घेतले जातात? सुकुमार राय यांच्याबाबत बंगालीचे भाग्य थोडे बरे, कारण तेथे ‘आबोल ताबोल’ (१९२३) प्रौढ वाचकांनीही कधी हातातून सोडले नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मराठीतील मुलांच्या पिढ्यांना तोंडपाठ आहे. परंतु त्याच्यावर शोधनिबंध लिहिला तर मार्गदर्शक भिवई उंचावतील अशी भीती अजून आहे. साहित्य अकादेमीने २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देण्यास आरंभ केला. चोवीस भाषांतील या पुरस्कृत पुस्तकांची यादी भाषाविभागांनी हाती घेतली असती, एकमेकांशी ताडून पाहिली असती, कोणते पुस्तक कोणत्या भाषेत भाषांतरित व्हावे याविषयी काही मत दिले असते, तर शाळेच्या ग्रंथपालाला खरेदीच्या वेळी पुस्तकविक्रेत्याच्या यादीवर विसंबून राहावे लागले नसते.

परंपरा नाही म्हणावे तर तसेही नाही. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधील मास्तर वर्गात जातो तो गोष्टीपासून आरंभ करतो आणि वर्गातच पुस्तकांचा संग्रह उभा करतो. त्यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक हे सारे मराठीत घेऊन आल्या, कोसबाडपर्यंत घेऊन गेल्या. गुजराती-मराठी संबंधांचा हा अध्याय शिक्षणशास्त्राच्या इतिहासात येतो, साहित्याच्या इतिहासात येत नाही, आणि ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात तर त्याचा पत्ताच नसतो. तिन्ही विभाग बहुतेक विद्यापीठांत एकाच आवारात असतात.

पदवीचा हा प्रश्न केवळ ज्ञानाचा असता तर तो सावकाश सोडविला तरी चालले असते. परंतु त्यात नोकरीचा आणि पदाच्या अस्तित्वाचा प्रश्न गुंतलेला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वृत्तपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत असे म्हटले आहे. त्याच अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्या अंशकालीन निदेशकांचा उल्लेख आहे, ग्रंथपालाचा नाही. कायद्याच्या दृष्टीने पुस्तके आपणहून मुलाकडे चालत जातात. महाराष्ट्रात माध्यमिक शाळांमधून ‘अर्धवेळ ग्रंथपाल’ असे एक पद आहे. पदवी पूर्ण वेळेची, पद अर्ध्या वेळेचे. नेमणूक झाल्यावर गैरहजर शिक्षकाचे तास, परीक्षेचे कारकुनी काम आणि पाठ्यपुस्तकांचे वाटप हेही सहसा त्याच्याच वाट्याला येते. केंद्रीय विद्यालयांत पद नियमित असते, परंतु तेथे ग्रंथपालाकडून अपेक्षा हिंदी आणि इंग्रजी या भाषांची. गुवाहाटीच्या अशा विद्यालयात बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबातील मुलाची भाषा कोणाच्याच खात्यावर नसते.

आणि कुलूप. शाळेचे कपाट बंद का, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: पुस्तक हरवले तर भरपाई कोणी करावयाची? या भीतीला वास्तवाचा आधार आहे आणि तिची चेष्टा करू नये. परंतु केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत (२०१७) याविषयी जे म्हटले आहे ते फार विचारपूर्वक लिहिलेले आहे. वर्षभरात वाचावयास दिलेल्या किंवा जागेवर पाहिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ झाली तर ती वाजवी तूट मानावी, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा, असा तो नियम. त्याची मेख अशी की हे प्रमाण संग्रहातील पुस्तकांवर नव्हे, देवघेवीवर मोजावयाचे आहे. दहा हजार वेळा पुस्तके दिली तर पन्नास हरविण्यास मुभा. एकही दिले नाही तर एकही हरविता येत नाही. म्हणजे नियम कुलपाच्या बाजूचा नसून उघड्या दाराच्या बाजूचा आहे. हा नियम व्यवस्थापनाच्या विषयात ओझरता येत असेलही. परंतु मुख्याध्यापकासमोर आणि हिशेबतपासनिसासमोर तो कसा मांडावयाचा, राज्याच्या नियमांत तशी तरतूद नसेल तर ती कशी मागावयाची, याची तयारी पदवीने करून दिलेली नसते. तेव्हा ग्रंथपाल पदवीधर असला तरी किल्ली कमरेलाच राहते.

याहूनही निकडीची गोष्ट यंत्राची आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ किंवा ‘कोहा’ यांसारखी प्रणाली आता शाळांपर्यंत पोहोचू लागली आहे. पुष्कळ पुस्तकांची तयार नोंद, वर्गांकासह, दुसऱ्या ग्रंथालयाकडून क्षणात उतरवून घेता येते. पट्टीवरील संकेत वाचून पुस्तक देणे-घेणे कोणालाही करता येते. म्हणजे ज्या कौशल्यावर पदवीचा मुख्य भर, तेच कौशल्य शाळेत अनावश्यक ठरत चालले आहे. उद्या एखाद्या वित्तविभागाने विचारले की यंत्र असताना पदवीधर कशाला, तर वर्गीकरणाची प्रश्नपत्रिका पुढे करून भागणार नाही. सहावीतल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस हवा म्हणून, एवढेच उत्तर शिल्लक राहते. आणि ते देण्यासाठी असा माणूस विद्यापीठाने खरोखरच घडविलेला असला पाहिजे.

अमेरिकेत, जेथून बोर्डन आले त्याच देशात, विसाव्या शतकाच्या आरंभी पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयात मुलांच्या ग्रंथपालांसाठी स्वतंत्र विद्यालय निघाले आणि गोष्ट सांगणे हा तेथे शिकण्याचा विषय होता. भारतीय अभ्यासक्रमांनी त्या देशाकडून सूची घेतली, गोष्ट घेतली नाही. ज्या देशात गोष्ट सांगणाऱ्याला कीर्तनकार, कथेकरी, आख्यानी अशी भाषेगणिक वेगळी नावे आहेत, तेथे हे घडावे याचे आश्चर्य वाटते.

आक्षेप असा येईल की अभ्यासक्रमात आधीच गर्दी आहे. ती खरी आहे. परंतु गर्दीत कोणाला जागा द्यावयाची हे ठरविता येते. जो विद्यार्थी शाळेत जाऊ इच्छितो त्याला द्विबिंदू पद्धतीचे प्रात्यक्षिक, जे शाळेत क्वचितच उपयोगी पडते, सोडण्याची मुभा द्यावी आणि त्याऐवजी दोन भारतीय भाषांतील मुलांची पुस्तके, मुळातून नाही तर भाषांतरातून, वाचावयास लावावीत. चाळीस पुस्तके पुरेत, परंतु पूर्ण वाचलेली. त्यांतील एक भाषा शाळेच्या प्रदेशाची असावी आणि दुसरी शेजारची. कोल्हापूरला कन्नड, पणजीला कोंकणी, बडोद्याला मराठी, इंदूरलाही मराठी. त्यानंतर एक सत्र प्रत्यक्ष शाळेत. हा विषय भाषाविभागाने शिकवावा, नुसता मान्य करून ग्रंथालयशास्त्राच्या माथी मारू नये.

परीक्षा तोंडी असावी. उमेदवारासमोर एका मुलाचे वर्णन ठेवावे: वय इतके, घरची भाषा ही, शाळेची ती, शेवटचे वाचलेले पुस्तक अमुक, आणि पुढचे पुस्तक कोणते व का, हे विचारावे. या परीक्षेला बाह्य परीक्षक म्हणून साहित्याचा प्राध्यापक बसवावा लागेल. म्हणजे ती चाळीस पुस्तके त्यालाही वाचावी लागतील.